लेक्टिनला मराठीत काय म्हणावं?

पाणकावळा: विज्ञानाच्या एका अंकासाठी समुद्री लेक्टिनांवर, म्हणजे ठरावीक साखरांना चिकटणाऱ्या प्रथिनांवर लिहितोय. न्यूझीलंडच्या ग्रिफिथ्सिया या लाल शैवालातलं ग्रिफिथ्सिन एचआयव्हीच्या आवरणावरच्या मॅनोज या साखरेच्या साखळ्यांना चिकटतं आणि विषाणूला पेशीत शिरू देत नाही. मी 'शर्कराबंधक प्रथिन' लिहिलं. संपादकांनी विचारलं, मधुमेहावरचं औषध का? दुसरा शब्द सुचवा.

गोदाकाठ: 'शर्कराग्राही' करा. बंधक म्हटलं की ओलीस आठवतात.

नस्तीउठाठेव: दोन्ही नकोत. बॉइड आणि शॅप्लीनं १९५४ मध्ये लेक्टिन हे नाव दिलं ते लॅटिन 'लेगेरे'वरून, म्हणजे निवडणे. हे प्रथिन दिसेल त्या साखरेला धरत नाही. मग 'वेचक' का नको?

रक्तपेढीवाली: कारण कुणीच तसं म्हणत नाही! ए१ आणि ए२ रक्तगट वेगळे ओळखायला आम्ही कुळथाचं लेक्टिन वापरतो. ए१च्या तांबड्या पेशींच्या गुठळ्या होतात. बाटलीवरही लेक्टिनच असतं.

घाटावरची: कुळथाचं? म्हणजे आमचे हुलगे?

रक्तपेढीवाली: तेच हो ताई. माडगं बिनधास्त प्या, त्यानं रक्ताच्या गुठळ्या होत नाहीत.

गोदाकाठ: बाटलीवर छापलं म्हणून तो मराठी शब्द झाला? 'प्रथिन'सुद्धा कुणीतरी घडवलाच ना!

नस्तीउठाठेव: संस्कृतात शर्करा म्हणजे आधी खडे, वाळू. तुमचा शर्कराग्राही तांदूळ निवडायला बसवा.

गोदाकाठ: आणि तुमचा वेचक कापूस वेचायला.

पाणकावळा: भांडा, पण पुढचंही अडलंय. भूमध्य समुद्रातल्या मायटिलस या मसलमध्ये (दोन शिंपांच्या प्राण्यात) मायटिलेक नावाचं लेक्टिन आहे. प्रयोगशाळेत ते बर्किट लिम्फोमा या कर्करोगाच्या पेशींवरची साखर ओळखून त्या पेशी मारतं. औषध अजून नाही. तर मसलला 'शिंपला' चालेल?

बंदरावरचा: अजिबात नाही. शिंपला म्हटलं की लोक तिसऱ्या समजतील. मसल म्हणजे शिनाणे.

घाटावरची: ते रवा लावून तळतात तेच का? गोव्यात खाल्लेत.

बंदरावरचा: तेच. पण आधी आगळ लावायचं, मग रवा.

रक्तपेढीवाली: आगळ कशाला? लिंबू पुरतं.

पाणकावळा: अहो, शुक्रवारी लेख द्यायचाय.

नस्तीउठाठेव: शिनाणे की शिणाणे? कुणी छापील दाखला देईल का?

बंदरावरचा: आमच्या बाजारात पाट्या लावत नाहीत हो, नुसतं ओरडतात.