मोती स्वर्गात भेटेल का?

प्रश्न (वसईहून)
गेल्या आठवड्यात आमची कुत्री मोती गेली. म्हातारी झाली होती, शेवटी पाण्यालाही तोंड लावेना. कापूस भिजवून तोंड ओलं करत होते. विहिरीजवळच्या चिकूखाली पुरलं. धाकटी विचारते, "मम्मी, मोती येशूकडे गेली ना?" धर्मशिक्षणाच्या बाई म्हणतात, जनावरांना अमर आत्मा नसतो. पोरीशी खोटं बोलायचं नाही मला. खरं काय?

उत्तर १
बाई सांगतात ते कॅथलिक धर्मपंडित संत थॉमस अक्विनासचं मत, तेराव्या शतकातलं. प्राण्याला आत्मा असतो, पण तो देहाबरोबर संपतो. बुद्धी असलेला आत्माच देहावाचून टिकतो, असं तो मानतो. मात्र प्राणी स्वर्गात नसतील, असा बंधनकारक सिद्धांत कॅथलिक चर्चने केलेला नाही.

उत्तर २
ताई, बायबलमधलं रोमकरांस पत्र ८:२१ वाचा. सृष्टीही नाशाच्या दास्यातून मुक्त होईल, असं प्रेषित पौल लिहितो. मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथाच्या जॉन वेस्लींनी याच उताऱ्यावरच्या प्रवचनात प्राण्यांच्या सुटकेची आशा मांडली. पोप फ्रान्सिस यांच्या २०१५च्या 'लाउदातो सी' परिपत्रकातही (परिच्छेद २४३) अनंत जीवनात प्रत्येक जीव तेजाने रूपांतरित होऊन आपली जागा घेईल, असं आहे. २०१४ साली कुत्र्यांच्या स्वर्गाबद्दल त्यांच्या नावावर फिरलेलं वाक्य मात्र त्यांचं नव्हतं, ते पुढे पाठवू नका.

प्रश्नकर्ती
देव बरे करो! आज रोझरीनंतर (जपमाळेच्या प्रार्थनेनंतर) धाकटीला रोमकरांसचं वचन वाचून दाखवते. पण बायबलच्याच 'उपदेशक' या पुस्तकात ३:२१ मध्ये पशूचा प्राण खाली जातो की काय, कोण जाणे, असं आहे. त्याचं काय?