बार्बाडोसला राहायचं कुठे? माझं मत: दक्षिण किनारा

पाणकावळा

डिसेंबर जवळ आला की इथे न्यू जर्सीत आमच्या मराठी ग्रुपवर कॅरिबियनचे बेत शिजायला लागतात. यंदा बार्बाडोस जोरात आहे. न्यूयॉर्कहून थेट विमान, भारतीय पासपोर्टवाल्यांना आगाऊ व्हिसाची कटकट नाही, नळाचं पाणी बिनधास्त पिता येतं, आणि २९ जून २०२४ ला आपण टी-ट्वेंटी वर्ल्ड कप जिंकलो ते केन्सिंग्टन ओव्हल तिथलंच. तिकिटं काढून झाली की प्रश्न उरतो राहायचं कुठे, आणि तिथे सगळे डोळे मिटून पश्चिम किनारा म्हणतात. जाहिरातीत त्याला 'प्लॅटिनम कोस्ट' म्हणतात, फोटोत पाणी निपचित आणि निळंशार दिसतं. विषय संपला.

मला हे पटत नाही. पहिल्यांदाच जाताय, चालायची-फिरायची हौस आहे, तर दक्षिण किनाऱ्यावर राहा. हेस्टिंग्ज, रॉकली, वर्दिंग, सेंट लॉरेन्स गॅप, ऑइस्टिन्स हा सगळा पट्टा. विमानतळही याच बाजूला आहे, त्यामुळे वीस-पंचवीस मिनिटांत खोलीवर. पश्चिमेला होलटाऊनपर्यंत जायला ट्रॅफिक असेल तर तासाच्या घरात वेळ जातो. बेट जेमतेम ३४ किलोमीटर लांब, पण रस्ते अरुंद आणि गाड्या भरपूर.

दक्षिणेला दाराबाहेर पाऊल टाकलं की माणसं भेटतात. हेस्टिंग्ज ते रॉकली समुद्राला लागून लाकडी बोर्डवॉक आहे. सकाळी सहाला तिथे स्थानिक लोक चालायला येतात आणि समोरून येणारा प्रत्येक जण 'मॉर्निंग' म्हणतो. तुम्ही नाही म्हणालात तर ते उद्धटपणाचं समजतात. बसमध्ये चढतानाही तेच. आणि बस म्हणजे कोणती, तर झेडआर: पांढरी व्हॅन, अंगावर मरून पट्टा, आत छाती धडधडेल इतक्या आवाजात गाणी, आणि तिघांच्या सीटवर चौथा बसवणारा कंडक्टर. 'स्टॉप' म्हणून ओरडलं की थांबते. भाडं साडेतीन बार्बाडोस डॉलर, म्हणजे पावणेदोन अमेरिकन. १९७५ पासून चलनाचा दर ठरलेलाच आहे, दोन बार्बाडोस डॉलरना एक अमेरिकन. याच रस्त्यावर राजधानी ब्रिजटाऊनपासून ऑइस्टिन्सपर्यंत या गाड्यांची नुसती रीघ असते.

शुक्रवारी संध्याकाळी ऑइस्टिन्सला मासळी बाजारात फिश फ्राय असतो. टपरीवर मार्लिन, माहीमाही आगीवर भाजताना समोर दिसतात, बाजूला म्हातारे डॉमिनोच्या सोंगट्या टेबलावर आपटत बसलेले असतात. दक्षिणेला राहणारा तिथून दहा मिनिटांत घरी येतो. पश्चिमेचा पाहुणा टॅक्सीचा हिशेब करत बसतो.

तेव्हा पश्चिमेचा इतका हट्ट का? विरोधी मतं जरूर लिहा, आमच्यातल्या तीन घरांना अजून बुकिंग करायचं आहे.

शांतपाणी

हट्ट नाही हो, कारण आहे. सासू-सासरे दोघं सत्तरी ओलांडलेले, सासूबाईंचे गुडघे गेलेले. दक्षिणेच्या बऱ्याच बीचवर लाट पायाशी फुटते आणि परत जाताना खालची वाळू ओढून नेते. तरण्या माणसाला त्याचं काही नाही, पण आईंना त्या पाण्यात उभं करायची माझी छाती झाली नसती. पश्चिमेला पेन्स बेला त्या माझा हात सोडून कमरेइतक्या पाण्यात उभ्या राहिल्या. जरा पुढे कासवं डोकं वर काढत होती. त्यांना पोहता येत नाही. समुद्रात उभं राहायचं ही त्यांची कितीतरी वर्षांची इच्छा होती.

तिथलं पाणी शांत का असतं तेही सांगते. वारे वर्षभर पूर्वेकडून येतात, म्हणजे पश्चिम किनारा बेटाच्या आडोशाला पडतो. हे जाहिरातवाल्यांनी रचलेलं नाही, भूगोलच आहे.

आणि तुमचा बसचा मुद्दा मला मान्य नाही. पश्चिमेलाही हायवे १ वर ब्रिजटाऊन ते स्पाइट्सटाऊन बस सतत धावतात. सरकारी निळ्या, खासगी पिवळ्या, भाडं तेच. होलटाऊनला सुपरमार्केट, बँक, खाण्याच्या जागा सगळं चालत जाण्यासारखं आहे.

खारेवारे

शांतपाणी यांना दुजोरा, आणि त्यात सार्गासमची भर. २०११ पासून अटलांटिकमधून हे तपकिरी शेवाळ कॅरिबियनकडे येतंय. साधारण मार्च ते ऑगस्ट. पूर्व आणि दक्षिण किनाऱ्यावर कधीकधी ढीगच्या ढीग लागतात, कुजायला लागलं की सडक्या अंड्यांचा वास येतो. आम्ही जूनमध्ये गेलो होतो, दक्षिणेला खोली, खिडकी उघडायची सोय नव्हती. रोज पश्चिमेला जाऊन पोहून यायचो. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी डोळे मिटून पश्चिमच घ्यावी. हिवाळ्यात गोष्ट वेगळी.

पाणकावळा

खारेवारे, बरोबर आहे. मी डिसेंबर-जानेवारीच डोक्यात धरून लिहिलं. पण मग हिवाळ्याचंच बोलू. त्या दिवसांत उत्तर अटलांटिकमधल्या वादळांच्या लाटा अधूनमधून वरून खाली येतात आणि पश्चिम किनाऱ्यालाच फुटतात. दोन-तीन दिवस तिथलं निपचित पाणी गढूळ आणि खवळलेलं असतं, सर्फिंगवाले खूष असतात. पैसे मात्र तुम्ही शांत पाण्याचे मोजलेले असतात.

शांतपाणी, तुमच्या सासूबाईंचं वाचून बरं वाटलं. पण शांत पाण्यासाठी होलटाऊनच गाठायला हवं असं नाही. ब्रिजटाऊनला लागून कार्लाइल बे आहे, नैर्ऋत्येच्या कोपऱ्यात, तितकंच आडोशाचं. तिथे बुडालेल्या जहाजांवर मासे बघायला मिळतात, कासवंही दिसतात. पहाटे जवळच्या गॅरिसनच्या रेसकोर्सवरचे घोडे तिथे आंघोळीला आणतात, मानेपर्यंत पाण्यात. हेस्टिंग्जहून गाडीने पाच-सात मिनिटं.

शांतपाणी

पहाटे घोडे, आणि दहानंतर क्रूझ जहाजांची गर्दी! बंदर तिथून जवळ आहे. सीझनमध्ये जहाजं लागली की कार्लाइल बेला खुर्च्या-छत्र्यांच्या रांगा लागतात. वयस्क माणसांना सकाळी सहाला बीचवर कोण नेणार? त्यांना मनात येईल तेव्हा दारातून पाण्यात जाता यावं, दमलं की परत खोलीत यावं, एवढंच हवं असतं. ती सोय पश्चिमेला आहे आणि तिचे पैसे जास्त पडतात हे मान्य.

पोळीभाजी

आमचा प्रश्न तुम्हा दोघांपेक्षा वेगळा. आम्ही शाकाहारी आणि आई बाहेरचं फारसं खात नाही. माझ्या मते किनारा नंतर, आधी स्वयंपाकघर बघा. आणि स्वयंपाकघर असलेल्या, खिशाला परवडणाऱ्या लहान अपार्टमेंट दक्षिणेलाच जास्त आहेत. वर्दिंगच्या आसपास दोन खोल्या, गॅस, फ्रिज, गॅलरी. प्लग अमेरिकेसारखेच, त्यामुळे छोटा कुकर नेला तो सरळ लागला.

बाहेर शाकाहारी मिळतं, पण तेच तेच: मॅकरोनी पाय (चीज घालून भाजलेली मॅकरोनी), भात-पीज, आणि त्रिनिदादच्या पद्धतीची बटाटा-चण्याची रोटी. ती रोटी आईला आवडली. कूकू नावाचा पदार्थ मक्याच्या पिठात भेंडी घालून घोटतात, तो छान लागतो, पण सहसा माशाच्या रश्शाबरोबर वाढतात, विचारून घ्या. भाजीवालीकडे नीरफणस मिळाला. आईने रवा-तिखट लावून त्याचे काप केले, शेजारच्या कॅनडाच्या कुटुंबाने दोनदा मागून घेतले. किराणा मात्र महाग आहे, बराचसा माल बाहेरून येतो. डाळ, मसाले, पोहे घरून न्या.

दोनजुळी

सगळे हॉटेल की अपार्टमेंट करताय, ऑल-इन्क्लुझिव्हचं नावच कोणी घेत नाही, जणू ते पाप आहे. आम्हाला चार वर्षांची जुळी मुलं आहेत. तिथे जाऊन मी कुकर लावणार नव्हते. जेवण, दूध, आइसक्रीम, पोहण्याचा तलाव, संध्याकाळी मुलांना सांभाळणारी माणसं, सगळं एका भाड्यात. वर्षभर दोघांची नोकरी करून, मुलांना ओढत मीही पार दमलेले असते. सुट्टी माझीही आहे.

पाणकावळा

दोनजुळी ताई, तुमची सुट्टी तुमचीच, त्यावर वाद नाही. माझा आक्षेप ज्यांना तशी गरज नाही त्यांच्यासाठी आहे. मनगटाला पट्टा बांधला की पैसे आधीच भरलेले असतात, मग माणूस बाहेर जेवत नाही. ऑइस्टिन्सची टपरीवाली, कोपऱ्यावरचं रम शॉप, रस्त्यात फिश कटर (पावात घातलेला मासा) विकणारा, यांच्या हातात तुमचा एक डॉलर पडत नाही. बेरिल वादळाने जुलै २०२४ मध्ये तिथल्या मच्छीमारांच्या होड्यांचं फार नुकसान केलं. त्या लोकांकडचा मासा त्यांच्या बाजारात बसून खाणं मला महत्त्वाचं वाटतं.

दोनजुळी

आणि हॉटेलात माझ्या मुलांना भरवणारी बाई कुठली होती? सेंट फिलिपची, बेटावरचीच. तिला दर महिन्याला पगार मिळतो, तो काय कमी दर्जाचा पैसा आहे का? टपरीवर गेलात तर उत्तम, जरूर जा. पण हॉटेलात राहणारा बेटाचं काही देणं लागत नाही असा सूर लावू नका.

खडकवाट

दोन्ही किनाऱ्यांवर तेच हॉटेल, तीच छत्री. पूर्वेला बाथशीबाला या. डोंगरउतार, केळीची झाडं, किनाऱ्यावर प्रचंड खडक उभे, आणि सूप बोल नावाच्या जागी सर्फिंग करणारी पोरं. बेटाचा बहुतेक भाग प्रवाळाच्या चुनखडीचा आहे, हा ईशान्येचा तेवढा वेगळा, म्हणून इथलं रूपच निराळं. पोहता येत नाही हे आधीच सांगतो, ओढ जीवघेणी आहे. ओहोटीला खडकांत डबकी तयार होतात, त्यात बसायचं. रात्री आठला सगळं सामसूम. ज्यांना वाचायचंय, लिहायचंय, गप्प बसायचंय त्यांच्यासाठी याहून चांगली जागा त्या बेटावर नाही.

शांतपाणी

खडकवाट, दिवसभरासाठी जरूर. पण मुलं आणि म्हातारी माणसं घेऊन मुक्कामाला? पोहता न येणाऱ्या समुद्राकाठी आठवडा काढायला मी नाही सांगणार कोणाला.

ओव्हलप्रेमी

मी फक्त क्रिकेटसाठी गेलो होतो, म्हणून माझा कौल दक्षिणेला. ओव्हल ब्रिजटाऊनलाच आहे. हेस्टिंग्जहून शहराच्या स्टँडपर्यंत बस, पुढे चालत. १९७१ च्या दौऱ्यात याच मैदानावर दिलीप सरदेसाईंनी १५० केले आणि सुनील गावसकरांनी दुसऱ्या डावात नाबाद ११७. झेडआरमध्ये शेजारी बसलेल्या आजोबांनी मी भारतातला कळल्यावर गावसकरांचं नाव स्वतःहून काढलं आणि गाडी स्टँडला लागली तरी उतरू देईनात. टॅक्सीने गेलो असतो तर हे घडलं नसतं.

मुलांच्या कपड्यांत लष्करी छापाचं काही असेल तर घरीच ठेवा. तिथे सामान्य माणसाने ते घालणं बेकायदा आहे, लहान मुलांनासुद्धा सूट नाही.

गॅलरीतली

दक्षिणेवाल्यांनी एक गोष्ट सांगितलेली नाही. सेंट लॉरेन्स गॅपमध्ये ऐन रस्त्यावर खोली घेतलीत तर रात्री उशिरापर्यंत गाणी ऐकावी लागतील. आमचं बाळ आठ महिन्यांचं होतं, दुसऱ्याच दिवशी जागा बदलली. वर्दिंग किंवा हेस्टिंग्ज बघा, गॅपला जेवायला जा.

पश्चिमेवाल्यांसाठी: बीचवर ज्या झाडांच्या खोडाला लाल पट्टा रंगवलाय त्यांच्याखाली बसू नका. ते मँचिनील. फळं लहान हिरव्या सफरचंदासारखी दिसतात, पण जहाल विषारी. पाऊस आला म्हणून आडोशालाही उभं राहू नका, पानांवरून गळणाऱ्या पाण्याने कातडीवर फोड येतात. पट्टा प्रत्येक झाडाला असतोच असं नाही, म्हणून मुलांना फळ दाखवून ठेवा.

नवाप्रवासी

आम्ही त्या तीन घरांपैकी एक. आई-वडील सोबत, दोघं पंच्याहत्तरीचे, आणि मुलगी सोळाची. सगळं वाचून अजूनच अडकलो. मुलीला ऑइस्टिन्स आणि बोर्डवॉक हवा, बाबांना शांत पाणी. निम्मा मुक्काम इकडे, निम्मा तिकडे केला तर?

पाणकावळा

पंच्याहत्तरीच्या माणसांना मधेच बॅगा भरायला लावू नका. तुमच्या बाबतीत मी शांतपाणींच्या बाजूने: पश्चिमेलाच राहा, पेन्स बेच्या आसपास. तिथून ब्रिजटाऊन जवळ पडतं. शुक्रवारी मुलीला घेऊन एक जण बसने ऑइस्टिन्सला जा, येताना टॅक्सी करा. टॅक्सीला मीटर नसतो, बसण्याआधी भाडं ठरवा आणि ते बार्बाडोस डॉलरमध्ये आहे की अमेरिकन, हे तोंडाने विचारून घ्या. इतरांसाठी माझं मत आहे तेच आहे.

शांतपाणी

नवाप्रवासी, आणखी एक. पश्चिमेला घरं हायवे १ च्या दोन्ही बाजूंना आहेत आणि जाहिरातीत दोघंही 'बीचपासून दोन मिनिटं' लिहितात. रस्ता अरुंद, वळणाचा, फूटपाथ बऱ्याच ठिकाणी नाहीच. आई-बाबांना दिवसातून चारदा तो ओलांडायला लागू नये. मालकाला सरळ विचारा, घर रस्त्याच्या समुद्राकडच्या अंगाला आहे का. पलीकडच्या अंगाला असेल तर बीचकडे जाणारी सार्वजनिक वाट नेमकी कुठे येते ते नकाशावर खूण करून मागा. बीच सगळे सार्वजनिकच आहेत, पण वाटा हॉटेलांच्या भिंतींमधून जातात आणि काही ठिकाणी पायऱ्या आहेत. किती पायऱ्या आहेत आणि धरायला कठडा आहे का, तेही विचारा.