मार्टिन ल्यूथर किंग म्हणजे फक्त ते एक भाषणच का?

प्रश्न: मुलीला शाळेत अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या हक्कांसाठी लढलेल्या किंगवर पाच मिनिटं बोलायचंय, जिकडे बघावं तिकडे १९६३ चं वॉशिंग्टनचं ‘आय हॅव अ ड्रीम’ भाषणच, त्यापलीकडचं काय सांगू?

रिप्लाय १: अमेरिकेतल्या मेम्फिस शहराचं सांगा. फेब्रुवारी १९६८, पाऊस पडत होता म्हणून दोन सफाई कामगार कचऱ्याच्या गाडीत मागे आडोशाला बसले आणि मशीन चालू होऊन चिरडून मेले, मग १३०० कामगार संपावर गेले, हातात पाट्या, त्यावर एवढंच, ‘मी माणूस आहे’. किंग त्यांच्यासाठी तिथे गेले आणि ४ एप्रिलला मोटेलच्या बाल्कनीत त्यांना गोळी घातली. वय फक्त ३९ हो! आपल्याकडे गटारात उतरून माणसं अजून मरतायत, त्यामुळे मला तरी हाच भाग सगळ्यात जास्त लागतो.

रिप्लाय २: अगदी. आणि माँटगोमेरी शहरातला बस बहिष्कार पण घ्या, बसमध्ये काळ्यांना वेगळं बसवायचे म्हणून ३८१ दिवस काळे लोक पायी नाहीतर एकमेकांच्या गाड्यांतून कामाला गेले. किंगच्या घरावर बॉम्ब टाकला तेव्हा बायको आणि तान्ही मुलगी आत होती, तरी बाहेर जमलेल्या चिडलेल्या लोकांना त्यांनी शांतपणे घरी जायला सांगितलं, हे मला कधीच जमलं नसतं.

रिप्लाय ३: मुंबईत असाल तर मणिभवनला, म्हणजे गांधीजी मुंबईत राहायचे त्या घरी, न्या तिला, १९५९ मध्ये किंग आणि त्यांची बायको कोरेटा तिथे राहिले होते.

प्रश्न विचारणारी: मेम्फिसच घेतेय, लेक आत्ताच पुठ्ठ्यावर ती पाटी रंगवायला बसलीये.