‘कल्दून’ला मराठीत काय म्हणावं?

आडवाट: रशियन चित्रकार वासिली माक्सिमोव यांच्या १८७५ च्या चित्रावर टिपण लिहितेय. मॉस्कोच्या त्रेत्याकोव संग्रहालयात आहे ते. शेतकऱ्याच्या घरी लग्न लागलंय, घर माणसांनी भरलंय, आणि अचानक ‘कल्दून’ आत आलाय. अंगावरचा बर्फ झटकलेला नाही, टोपीही डोक्यावर तशीच. आधी ‘जादूगार’ लिहिलं, पण वाचताना टोपीतून ससा काढणाराच डोळ्यापुढे येतो. ‘मांत्रिक’ चालेल?

जुनी पोथी: मांत्रिक म्हटलं की मंत्र, विधी, लिंबू-टाचण्या आल्या. आणि त्याला लोक स्वतःहून बोलावतात, जसं रायगडाकडे भगताला, तळकोकणात घाड्याला, घाटावर देवऋष्याला. उतारे काढणाऱ्या, औषधपाणी करणाऱ्या अशा माणसाला रशियन खेड्यात निराळा शब्द आहे, ‘झ्नाखर’. ‘झ्नात’ म्हणजे जाणणं. आपल्या ‘ज्ञा’चा सख्खा भाऊ, म्हणजे झ्नाखर तो ‘जाणता’! चेटकिणीला ‘व्येदमा’ म्हणतात, तिच्यातही वेदातला ‘विद्’ बसलाय. (वैदिक मंडळींनी रागावू नये.)

कल्दूनला मात्र लोक वचकून असत. तो ‘पोर्चा’ घालतो. शब्दशः नासवणं, म्हणजे आपली करणी. नव्या जोडप्याला तर तिची फारच भीती. मी ‘चेटक्या’ म्हणेन.

आडवाट: चेटक्या आवडला. पण चित्रात त्याला कुणी हाकलत नाहीये. उलट घरचं माणूस मीठ-भाकरी घेऊन सामोरं जातंय. चेटक्याचं कोण असं स्वागत करतं?

जुनी पोथी: घाबरलेले लोक करतात. डावलला तर जोडप्याचं वाटोळं करेल, म्हणून त्याला मान. आपल्याकडे मानपान चुकला तर मंडळी नुसती रुसतात, तिथे करणीची धास्ती. माक्सिमोव स्वतः लादोगा भागातल्या लोपिनो गावच्या शेतकरी घरातले. लहानपणी भावाच्या लग्नात असाच एकजण येऊन ठेपलेला त्यांनी पाहिला होता. म्हणून चित्रात कुणाची टिंगल नाही.

उंबरठा: मध्येच तोंड घालतो. वधूवर जिथे उभे आहेत, त्या जागेला काही ठिकाणी ‘लाल कोपरा’ म्हटलेलं वाचलं. कृपया तसं लिहू नका. ‘क्रास्नी’चा जुना अर्थ सुंदर. मॉस्कोचा लाल चौकही मुळात ‘सुंदर चौक’च. घरातल्या त्या कोपऱ्यात संतांच्या तसबिरी असतात, मानाचा पाहुणा तिथेच बसतो. सरळ ‘देवाचा कोपरा’ म्हणा.

आडवाट: अगंबाई, मी ‘लाल कोपरा’च लिहिलं होतं! खोडते. आणि पहिल्यांदा येईल तिथे ‘कल्दून, म्हणजे चेटक्या’ असं लिहिते, पुढे नुसतं चेटक्या.

जुनी पोथी: हरकत नाही. पण ‘चेटक्या आला’ लिहू नका, ‘आले’ लिहा. त्या घरात त्याला अरेतुरे करायची कुणाची छाती नव्हती.