मदत हवी आहे: स्टेज प्रेझेन्स शिकवायचा कसा?

नमस्कार मंडळी, बेली डान्स करणारं किंवा शिकवणारं कोणी आहे का इथे? मी बरीच वर्षं शो करतेय, आता फक्त स्टेज प्रेझेन्सवर वर्कशॉप घ्यायचंय पण नक्की शिकवू काय तेच कळेना. शिमी, हिप ड्रॉप, फिगर एट अशा हालचाली सगळ्या सुट्या सुट्या करून दाखवता येतं, मुली आरशासमोर मस्त करतातही, पण प्रेक्षक समोर आले की नजर थेट जमिनीवर नाहीतर ते चिकटवलेलं हसू, आणि ड्रम सोलोत दरबुका (हाताने वाजवायचा अरबी ढोल) एवढा खट्याळ वाजतोय तरी चेहरा मात्र परीक्षेला बसल्यासारखा!

१९२६ मध्ये बदिया मसाबनीने कैरोत नाचगाण्याचा क्लब काढला, तिथूनच सामिया गमाल आणि ताहिया कारिओका या बेली डान्सर पुढे आल्या. सामिया ओढणी घेऊन अख्खं स्टेज फिरायची, ताहिया जवळजवळ एका जागी उभी राहून नाचायची, तरी दोघींवरून नजर हटत नाही. म्हणजे एकच साचा नाहीच ना?

तकसीममध्ये एकच वाद्य ठेक्याशिवाय संथ वाजत असतं, तिथे न घाबरता थांबायला कसं शिकवता? आरसा झाकून सराव करून घेता का? नवख्यांनी सुरुवातीला नजर कुठे ठेवायची, प्रेक्षकांच्या डोळ्यात की डोक्यावरून? (मला डोक्यावरून बघणं पटत नाही, लगेच कळतं.) आणि शिकवायला लागल्यावर स्वतःचे शो कमी केलेत का कोणी? प्लीज अनुभव सांगा, व्हिडिओ बघून ठरवायला सांगू नका, ते झालंय करून.