वरातीची घोडी, पुढच्या पायाला तारेची जखम, मांस वर येतंय

शिवारवाली:
जुन्नरजवळ आमचं शेत आहे. लग्नसराई संपल्यावर कुणीतरी वरातीची घोडी ओढ्याकाठी सोडून दिली. काटेरी तारेत अडकून डाव्या पुढच्या पायाला गुडघ्याखाली नळीवर वीतभर जखम, कातडी लोंबत होती. सरकारी डॉक्टर येऊन गेले. लोंबती कातडी कापली, धनुर्वाताचं आणि अँटिबायोटिकचं इंजेक्शन दिलं. आता जखमेतून लालभडक मांस वर आलंय, फ्लॉवरच्या गड्ड्यासारखं. शेजारचे काका म्हणतात मोरचूद लाव, जळून जाईल. लावू का? दुखण्यावर मेडिकलवाल्यानं डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन दिलंय, ते अजून टोचलेलं नाही. पाय टेकवतच नव्हती, कालपासून जरा टेकवतेय, म्हणजे उतार पडतोय ना? हाडं निघालीत बिचारीची, म्हणून चंदी भरपूर चालू आहे. गावातली पोरं गूळ-चपाती घेऊन येतात ते वेगळंच.

पागेवाला:
ताई, मोरचूद नको. चुना-हळद नको, टर्पेंटाइनही नको. गुडघ्याखाली घोड्याला मांस नसतं, नुसती कातडी, शिरा (स्नायू हाडाला बांधणाऱ्या) आणि हाड. तिथली जखम भरताना असं मांस माजतंच. मोरचुदानं ते जळतं खरं, पण कडेनं सरकत येणारी नवी कातडीही त्यातच जळते. डॉक्टर ते ब्लेडनं सपाट करतात. घोडीला ते दुखत नाही, त्या मांसात नसाच नसतात. रक्त मात्र असं वाहतं की बघणाराच खाली बसावा. मग वर घट्ट पट्टी. रोज धुवायला लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात नऊ ग्रॅम मीठ, बास. पट्टीखाली कापूस जाड हवा आणि दाब सगळीकडे सारखा. दोरीसारखी आवळली तर मागची शीर कामातून जाईल.

पण माझा जीव खाली-वर झाला तो तुमच्या ‘कालपासून टेकवतेय’नं. जखमी पाय खरंच बरा होत असेल तर देव पावला. नाहीतर उजवा खूर दुखायला लागलाय म्हणून ती डाव्यावर भार टाकत असेल. सगळं वजन एकाच पायावर राहिलं की त्या खुराच्या आतली पकड सुटते, आतलं हाड फिरतं. जखम भरत आलेली आणि घोडा दुसऱ्याच पायानं गेला, हे माथेरानला आमच्या पागेत बघितलंय.

आत्ता जाऊन उजव्या खुरावर तळहात ठेवा. गरम लागतो का? खुराच्या वर जो सांधा असतो, त्याच्या मागच्या बाजूला दोन बोटं टेकवा. निरोगी घोड्याची नाडी तिथं मुश्किलीनं सापडते. धडधड लागली तर रात्र उजाडायची वाट बघू नका. खाली भाताचा पेंढा गुडघाभर टाका, म्हणजे ती आडवी होईल. घोडा उभ्यानं डुलकी काढतो, पण नीट झोपायला त्याला पडावंच लागतं.

चंदी आजपासून बंद, गूळ-चपाती तर अजिबात नाही. उभ्या घोड्याला दाणा म्हणजे पोटशूळ आणि खूर दोन्हीला आमंत्रण. ३०० किलोच्या घोडीला दिवसाला पाच-सहा किलो वाळलं गवत थोडं थोडं करून द्या, पाणी कायम समोर. पोरांना गवताच्या पेंढ्या आणायला सांगा, तेवढीच मदत.

पशुवैद्य_सातारा:
वरचं सगळं बरोबर आहे. डायक्लोफेनॅक परत करा. ते दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं तर गिधाडं मरतात, म्हणून २००६ पासून जनावरांसाठी त्यावर बंदी आहे. वेदनेचं औषध आणि मात्रा तुमच्या डॉक्टरांनाच ठरवू द्या. सकाळ-संध्याकाळ ताप बघा, १०१.५ फॅरनहाइटच्या वर गेला तर लगेच कळवा. जखमेत हाड उघडं पडलं होतं का? तसं असेल तर हाडाचा पापुद्रा मरून आत राहतो आणि भरलेली जखम पुन्हा पाझरते. त्यासाठी एक्स-रे लागेल. शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, आधी बोलून घ्या. सांध्याजवळून पिवळसर चिकट पाणी येत असेल तर मात्र थांबायचं नाही. धनुर्वाताचा दुसरा डोस साधारण महिन्यानं.

ओतूरकर:
रात्री बंद गोठ्यात ठेवा. आपल्याकडच्या उसात बिबट्या, आणि ही लंगडी, वर रक्ताचा वास. पोलीस पाटलाला बरोबर घेऊन ठाण्यात लेखी नोंद करा. जनावर असं सोडून देणं हा १९६० च्या कायद्यानं गुन्हा आहे. घोडी चालायला लागली की मालक हमखास उगवतो.

शिवारवाली:
आत्ताच बघून आले. उजवा खूर डाव्यापेक्षा कोमट लागला, नाडी जोरात आहे की नाही ते कळेना, ती पाय धरू देत नाही. डॉक्टरांना फोन झालाय, सकाळी येतायत. पेंढा शेजारून आणला, चंदीची बादली उचलली. तर बया रागानं गव्हाणीवर नाक आपटतेय. गवत बाजरीच्या कडब्यात मिसळून दिलं तर चालेल का?

पागेवाला:
कडबा बारीक कुट्टी करून, थोडाच. जाड धाटं पोटात अडकतात. आणि आपटू दे नाक, त्यानं काही होत नाही. डॉक्टर काय म्हणाले ते उद्या लिहा.