अल श्विमर: विमान उद्योगाचा जनक की तस्कर?

विमानवेडा_नाशिक:
इस्रायलच्या केफिर या लढाऊ विमानाबद्दल वाचत होतो, तर अल श्विमर हे नाव सारखं आडवं येऊ लागलं. अमेरिकेत जन्मलेला ज्यू, दुसऱ्या महायुद्धात सेवा केलेला, इस्रायलच्या विमान उद्योगाचा संस्थापक, आणि मायदेशात मात्र गुन्हेगार. हे कसं काय? माझे काका ओझरच्या कारखान्यात होते, त्यामुळे विमान उडवणाऱ्यांपेक्षा बांधणाऱ्यांचं मला जास्त कुतूहल. कुणाला माहिती असेल तर सविस्तर लिहा.

कुंपणावरचा:
तस्करच होता. अमेरिकेचा तटस्थता कायदा मोडून १९४८ च्या युद्धात इस्रायलला विमानं पळवली, १९५० मध्ये दोषी ठरला. बाकी सगळं नंतर चढवलेलं सोनेरी पाणी.

रामलेकरीण:
जरा बैजवार लिहिते. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे कोकणी ज्यू, मूळचे अलिबागकडचे. पप्पा परळच्या रेल्वे वर्कशॉपात फिटर होते. साठच्या दशकात इकडे इस्रायलला आले आणि लोदच्या विमानतळालगत श्विमरच्या कारखान्यात लागले. आमच्यातले बरेच जण तिथे होते, डबा खाताना मराठीच चालायची. त्यामुळे श्विमरचं नाव आमच्या घरात लहानपणापासून ऐकलेलं.

जन्म १९१७, न्यूयॉर्क. आधी विमानं बांधणाऱ्या लॉकहीडमध्ये, मग टीडब्ल्यूए या अमेरिकन विमान कंपनीत फ्लाइट इंजिनियर. म्हणजे वैमानिकाच्या पाठीमागे बसून इंजिनांचं तापमान, तेल, इंधन यांच्यावर डोळा ठेवणारा. महायुद्धात अमेरिकी लष्कराच्या वाहतूक विमानांवरही हेच. माझ्या मते पुढचं सगळं या खुर्चीतून आलं. भंगारात उभं असलेलं कुठलं विमान पुन्हा उडेल, हे त्याला कळायचं.

युद्ध संपल्यावर अमेरिकेनं जादा विमानं मातीमोल भावानं काढली. यानं इस्रायलसाठी १० सी-४६ ही मालवाहू विमानं आणि ३ मोठी कॉन्स्टेलेशन विमानं घेतली, कॉन्स्टेलेशन प्रत्येकी १५,००० डॉलरला. डागडुजी कॅलिफोर्नियात बरबँकला, कागदोपत्री मालक पनामाची विमान कंपनी, आणि अड्डा चेकोस्लोवाकियात झातेकला. तिथून एस-१९९ ही लढाऊ विमानं सुटी करून मालवाहू विमानांच्या पोटात घालून इस्रायलला नेली. एस-१९९ म्हणजे कोण, तर जर्मन मेसरश्मिटचा सांगाडा! मूळ इंजिन मिळेना म्हणून त्यावर बॉम्बर विमानाचं जड इंजिन बसवलेलं. धावपट्टीवर ते एका बाजूला ओढ घ्यायचं, आणि पंख्याच्या पात्यांमधून मारा करणाऱ्या बंदुकांचा मेळ चुकला की स्वतःचाच पंखा फोडून घ्यायचं. २९ मे १९४८ ला असली चार विमानं इस्दुदजवळ इजिप्तच्या फौजेवर सोडली. दुसरं काही हाताशीच नव्हतं.

पप्पांना मात्र या साहसाचं फारसं कौतुक नव्हतं. ते सांगायचे १९५३ पासूनचं. संरक्षण खात्यातले पेरेस आणि पंतप्रधान बेन-गुरियन यांच्या बोलावण्यावरून श्विमर इस्रायलला परत आला आणि ‘बेदेक’ सुरू केलं, जेमतेम ७० माणसांचं दुरुस्तीकेंद्र. दुरुस्ती करता करता फूगा ही फ्रेंच प्रशिक्षण विमानं परवान्यावर बांधली. १९६७ मध्ये फ्रान्सनं विमानं द्यायला हात वर केले, मग इथेच बांधलेलं नेशेर हे लढाऊ विमान आणि त्यापाठोपाठ केफिर आलं. केफिरच्या शेपटीच्या बुडाशी हवा आत घेणारं एक तोंड दिसतं बघा. मिराज या फ्रेंच लढाऊ विमानाच्या धाटणीच्या अंगात अमेरिकन जे-७९ इंजिन घातलं, ते जास्त तापायचं, म्हणून ही सोय.

पप्पांचं स्वतःचं काम लॉकवायरचं. बोल्ट आवळला की त्याच्या डोक्यातल्या भोकातून बारीक तार ओवायची, पक्कडीनं पीळ द्यायचा आणि शेजारच्या बोल्टला अशा बाजूनं बांधायची की एक सैल पडू लागला तर तार त्याला आवळायच्याच दिशेनं ओढेल. पीळ कमी पडला तरी नापास, जास्त झाला तरी तार तुटते. घरी खुर्चीचा स्क्रू ढिला झाला तरी पप्पा तार घेऊन बसत, आई वैतागे. बाहेर १९६४ पर्यंत रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, आम्ही खरे ज्यू का म्हणून आमच्या लग्नांवरून घोळ घालत होते. कारखान्यात फक्त तार बघत. पप्पा श्विमरला मानायचे ते यासाठी, १९४८ साठी नव्हे.

कुंपणावरचा:
बरं. पण शिक्षेचं काय झालं?

रामलेकरीण:
१०,००० डॉलर दंड, मतदानाचा हक्क आणि माजी सैनिकाच्या सवलती गेल्या, तुरुंग टळला. त्यानं माफी मागितली नाही. मित्रांनी खटपट केली आणि जानेवारी २००१ मध्ये क्लिंटन यांनी माफ केलं. तुरुंगात गेला तो चार्ली विंटर्स, जो ज्यू नव्हताच. तीन बी-१७ बॉम्बर विमानं इस्रायलसाठी दिल्याबद्दल १८ महिन्यांची शिक्षा, आणि माफी २००८ मध्ये, मेल्यानंतर! यावर मात्र मी चिडते.

आणि श्विमर संत नव्हता. १९८५ मध्ये इराणला शस्त्रं पुरवण्याच्या भानगडीत तेव्हाचे पंतप्रधान पेरेस यांचा सल्लागार म्हणून तोही होता. त्यावर पप्पा काही बोलत नसत.

विमानवेडा_नाशिक:
ताई, खूप आभार! काकांना वाचून दाखवलं, लॉकवायरशी आले आणि त्यांनी पुन्हा वाचायला लावलं. एस-१९९ कुठे बघायला मिळेल का?

रामलेकरीण:
बेअर शेवाजवळ हात्झेरिमला हवाई दलाचं संग्रहालय आहे, तिथे एक ठेवलंय. केफिरही आहे. उन्हाळ्यात येऊ नका, बरीच विमानं उघड्यावर उभी आहेत. श्विमर गेला २०११ मध्ये, १० जूनला, बरोबर ९४ व्या वाढदिवशी.